रकाना सात

परळच्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मागे
जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवायचे
त्या खोलीत मी माणसांचे रंग मोजते.
पट्टी आहे एक, दहा छटांची,
रंगाच्या दुकानात मिळते तशी,
फक्त हिच्यातल्या एकाही छटेला नाव नाही.
पहिले दोन दिवस मला त्याचंच बरं वाटलं.
माझ्या लग्नाच्या बायोडेटात होतं, वर्ण : निमगोरा.
त्यातलं 'निम' अप्पांनी मागाहून घातलेलं,
वेगळ्या शाईत.

फॉर्म बाहेरून आलाय. मराठी मी केलं.
रकाना सहा, त्वचेचा रंग. हे सोपं.
रकाना सात, वंश.
इंदुमती तांडेल, वय एकसष्ट, वरळी कोळीवाडा,
जिना चढताना तीनदा थांबलेल्या.
विचारलं, मावशी, वंश?
म्हणाल्या, दोघी मुलीच. वंशाला दिवा नाय.
तेवढं लिवू नको.

पेन तसंच हातात.
खाली पाच चौकोन होते. मी 'आशियाई'वर खूण केली.
एवढा मोठा आशिया, नखाएवढ्या चौकोनात.

मग बोटाला चिमटा.
त्यातला तांबडा उजेड नखातून आत जातो,
रक्तात प्राणवायू किती ते बघून पलीकडे निघतो.
वाटेत कातडी आपला वाटा कापून घेते,
पूर्वी दहिसरला जकात नाक्यावर घ्यायचे तशी.
गोऱ्या बोटात थोडा, काळ्यात जास्त.
यंत्राला हे कुणी शिकवलेलंच नाही.
ते म्हणालं, त्र्याण्णव.
मनगटातून काढलेलं रक्त म्हणालं, सत्त्याऐंशी.
या सहांमध्ये माणसाला
वाफ घ्या म्हणून घरी पाठवतात.

दुपारी एमेका आले. लागोसचे,
मस्जिद बंदरला कापडाचा धंदा, हिंदी माझ्याहून बरी.
रकाना सातमध्ये त्यांचा चौकोन वेगळा.
पट्टीवर मात्र आठवी छटा, इंदुमतीबाईंचीच,
आणि चूकही जवळजवळ तेवढीच.
यंत्राला दोघं एका घरातली वाटली असणार.

त्याच आठवड्यात देवरुखकर बंधू.
सख्खे. एकच रेशन कार्ड, एकच चौकोन.
थोरला तिसऱ्या छटेचा, धाकटा सातव्या.
थोरल्याशी यंत्र खरं बोललं.
धाकटा हसला, म्हणाला, लहानपणापासूनचं आहे हे.

डॉक्टर मर्चंट म्हणाले, तक्ता सातवरूनच करा,
बाहेरचे लोक तेच मागतात.
मी म्हटलं, सर, उजेड सहाला अडतोय.
सात विचारायचं तर वेगळं विचारू,
कुठे राहता, कुणी किती वेळ थांबवलं, कुणी हात न लावता तपासलं.
ते म्हणाले, शेवटी जवळपास एकच ना दोन्ही?

जवळपास.
आपल्याकडे तर एकाच शब्दात कोंबलंय,
वर्ण म्हणजे रंग, वर्ण म्हणजे पायरी.
मराठी करताना तो शब्द मी तीनदा लिहिला
आणि तीनदा खोडला.
'वंश' ठेवला, तर मावशींना दिवा आठवला.

परवा पुन्हा मोजायचं होतं.
कपाळ नाही, कपाळावर उन्हाचा हक्क.
दंडाची आतली बाजू बघतात.
इंदुमतीबाईंनी बाही वर सरकवली,
स्वतःच बघत राहिल्या.
म्हणाल्या, हितं ऊन नाय लागलं कधी.
हा माझा लग्नातला रंग.

पट्टी धरली. सहावी छटा.
मग त्या म्हणाल्या, आणि श्वासाचा आकडा?
मी यंत्राचा नाही, रक्ताचा सांगितला.
वॉर्डात खाट मिळेपर्यंत दोघी मुली पोचल्या होत्या,
एक आईसारखी, एक गोरीपान,
आणि दाराशी कुणीतरी विचारत होतं
दोघी सख्ख्या का म्हणून.
चिमटा काढायचा राहून गेला होता.
मावशींच्या बोटात तांबडा दिवा चालूच.